सुपरहीरोपटांवर दिग्गजांची टीका: भांडण नेमकं कशावर आहे?

गोदाकाठ:
नवा सुपरहीरोपट लागला की नाशिकच्या सिनेमावेड्यांत 'याला सिनेमा म्हणायचं का' हा वाद ठरलेला. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी ऑक्टोबर २०१९ मध्ये 'एम्पायर' मासिकाला म्हणाले की मार्व्हलचे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, ते थीम पार्कच्या जवळ जातात. त्याच महिन्यात लियाँच्या ल्युमिएर महोत्सवात 'गॉडफादर'वाल्या कोपोलांनी त्याहून जहाल शब्द वापरला. त्याच सुमारास ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच यांनी बर्गरची उपमा दिली. त्याआधी २०१४ ला दिग्दर्शक इन्यारितू आणि २०१८ ला अभिनेत्री-दिग्दर्शिका जोडी फॉस्टर बोलून गेले होते. नंतर २०२१ मध्ये व्हिलनव्ह आणि रिडली स्कॉट हे दिग्दर्शक. यादी बरीच लांब आहे.

आपल्याकडे मात्र चर्चा दोन वाक्यांत संपते: 'म्हातारे जळतात' नाहीतर 'पोरांना चव नाही'. इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारतो. हे चित्रपट बनतात कसे, आणि त्या पद्धतीत दिग्दर्शकाच्या हातात नक्की किती उरतं? ते पडद्यावर दिसतं का? आणि नाशिकसारख्या गावात अशा एका चित्रपटामुळे लहान चित्रपटांचे खेळ खरंच कमी होतात का? आवडला-नावडला याची यादी नको, कृपया.

पॉपकॉर्न_मध्यम:
जागा धरून बसलोय. धागा शंभरी गाठणार.

सिडकोकर:
'दिग्दर्शकाच्या हातात किती' हा प्रश्नच जरा भाबडा आहे. हॉलिवूड कायम निर्मात्याचंच राहिलंय. १९३९ चा 'गॉन विथ द विंड' घ्या. जॉर्ज क्युकर गेले, व्हिक्टर फ्लेमिंग आले, मध्ये सॅम वुड यांनी काही भाग काढला. चित्रपट शेवटी निर्माते सेल्झनिक यांचाच. सुपरहीरोंपुरतं बोलायचं तर १९७८ चा 'सुपरमॅन' रिचर्ड डॉनर यांनी केला, दुसऱ्या भागाचं बरंचसं चित्रीकरणही त्यांनीच केलं होतं, तरी निर्मात्यांनी त्यांना बाजूला करून रिचर्ड लेस्टरना आणलं. तेव्हा कुणी 'सिनेमा मेला' म्हणत गळा काढला नव्हता.

आणि स्पिलबर्ग २०१५ मध्ये काय म्हणाले तेही बघा: वेस्टर्नचा काळ आला आणि गेला, तसाच सुपरहीरोंचाही जाईल. हे जास्त समंजस वाटतं.

तिसरी_रांग:
सिडकोकर, स्कॉर्सेसींनी नोव्हेंबर २०१९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये सविस्तर लेख लिहिला, तो कुणी वाचत नाही ही खरी अडचण आहे. त्यात ते स्वतःच मान्य करतात की हे चित्रपट बनवणाऱ्यांत भरपूर कौशल्य आहे आणि आपण आज तरुण असतो तर कदाचित यातच रमलो असतो. हिचकॉकचे चित्रपटही एका अर्थी फ्रँचायझीच होते, हेही तेच लिहितात. म्हणजे तुमची निम्मी उत्तरं त्यांनी आधीच देऊन ठेवली आहेत.

त्यांचे आक्षेप दोन आहेत. पहिला, या चित्रपटांत काहीच पणाला लागलेलं नसतं. बाजाराचा अंदाज घेऊन, प्रेक्षकांवर चाचणी करून, पुन्हा पुन्हा दुरुस्त करत माल तयार होतो. दुसरा, मोठ्या पडद्यावर काही बघायचं तर जगात बऱ्याच ठिकाणी आता मुख्य पर्याय हाच उरलाय. लोकांना हेच हवंय या युक्तिवादाला त्यांचं उत्तर असं की सतत एकच गोष्ट समोर ठेवली तर लोक तीच मागणार. पहिल्याशी वाद घालता येतो. दुसऱ्याशी घालायला आकडे लागतील.

मखमलाबाद_नाका:
+१. आणि ज्यांनी स्कॉर्सेसींचाच 'द आयरिशमन' फोनवर तुकड्यातुकड्यांत पाहिला त्यांनी स्कॉर्सेसींच्या बाजूने भांडू नये, ही नम्र विनंती. (दिवे घ्या.)

रोटोवाली:
'कसे बनतात' यावर लिहिते, कारण वादाचं मूळ तिथे आहे.

अ‍ॅक्शन प्रसंगाचा क्रम साधारण असा असतो. आधी स्टोरीबोर्ड. मग प्रीव्हिज, म्हणजे ओबडधोबड थ्रीडी पात्रं घेऊन संपूर्ण प्रसंग संगणकावर 'चित्रित' करायचा. यात लेन्स किती मिलिमीटरची, कॅमेरा किती उंचीवर, कट कुठे, हे सगळं येतं. त्यावरून टेकव्हिज निघतं: क्रेनचा हात किती लांब हवा, सेटचा कोणता भाग खरा बांधायचा आणि कुठून पुढे निळा पडदा, हे मापासह. चित्रीकरणात त्या मापांप्रमाणे प्लेट्स, म्हणजे ग्राफिक्स चढवण्याआधीचे मूळ शॉट, घेतल्या जातात. संकलकाला काम करता यावं म्हणून त्यांवर कच्चं ग्राफिक्स चढवतात, ते पोस्टव्हिज. मग शॉट्स वेगवेगळ्या स्टुडिओंना वाटले जातात आणि तिथे मॅचमूव्ह (कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जुळवणं), रोटो (माणूस-वस्तू फ्रेमागणिक कापून वेगळी करणं), पेंट (नको ते पुसणं), अ‍ॅनिमेशन, लायटिंग, कॉम्पोझिटिंग (सगळे थर एकत्र जोडणं).

आता यात दिग्दर्शक कुठे? अर्जेंटिनाच्या लुक्रेसिया मार्टेल यांनी २०१८ मध्ये सांगितलं होतं की 'ब्लॅक विडो'साठी मार्व्हलने त्यांच्याशी बोलणी केली तेव्हा अ‍ॅक्शन प्रसंगांची काळजी करू नका, ते आमचं आम्ही बघू, असा सूर होता. चित्रपट पुढे केट शॉर्टलंड यांनी केला. ही व्यवस्था कुणाच्या वाईट हेतूमुळे आलेली नाही. प्रदर्शनाची तारीख आधी जाहीर होते, शेवटच्या वीस मिनिटांच्या ग्राफिक्सला कित्येक महिने लागतात, म्हणून तो भाग सगळ्यात आधी सुरू करावा लागतो. ज्याने संवादाचे प्रसंग रचायचे तो माणूस येईपर्यंत लढाईचा आराखडा बराच पुढे गेलेला असतो.

सिडकोकर:
रोटोवालीताई, प्रीव्हिज हे हत्यार आहे. हिचकॉक स्टोरीबोर्डशिवाय कॅमेऱ्याला हात लावत नसत असं सगळे कौतुकाने सांगतात. मग इथे आराखडा आधी झाला तर तो दोष कसा?

रोटोवाली:
आराखडा आधी होणं दोष नाहीच. तो कुणाच्या डोक्यातून आला आणि कधी पक्का झाला, एवढाच प्रश्न आहे. गंमत अशी की या पद्धतीत तो पक्कासुद्धा होत नाही! लढाईचा ढाचा लवकर ठरतो, तपशील मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहतात.

ग्राफिक्सची कामं बहुधा ठरावीक रकमेच्या बोलीवर घेतली जातात. इतके शॉट, प्रत्येकाची अवघडता इतकी, एकूण इतके पैसे. स्टुडिओने नंतर पोशाख बदलला, खलनायकाचा हात दुसरा केला की तेच शॉट पुन्हा. वाढीव पैसे मागता येतात, पण पुढचं काम मिळवायचं असेल तर मागताना जीभ चाचरते. रोटोचं उदाहरण घ्या. चार सेकंदांचा शॉट म्हणजे ९६ फ्रेम, शिवाय दोन्ही टोकांना संकलनासाठी राखलेल्या जादा फ्रेम. दंड, हात, बोटं, केस यांचे आकार वेगवेगळे ओढायचे, कारण एकाच आकारात सगळा माणूस घेतला की हालचालीत कडा 'उकळायला' लागतात. जोरात फिरलेल्या हाताची धूसर कड सगळ्यात त्रासाची. ते सगळं झाल्यावर प्लेटच बदलली तर काम शून्यापासून. थ्रीडी रूपांतर असेल तर चित्रातली झाडून प्रत्येक वस्तू अशी कापावी लागते.

यातलं पुष्कळ काम मुंबई-हैदराबादेत होतं. 'लाइफ ऑफ पाय'ला ग्राफिक्सचं ऑस्कर मिळालं तेव्हा ते करणाऱ्या रिदम अँड ह्यूजने काहीच दिवस आधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्यांचे स्टुडिओ या दोन्ही शहरांत होते. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या ग्राफिक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं. 'निर्णय उशिरा होतात' ही तक्रार फक्त ऑस्करवाल्या म्हाताऱ्यांची नाही.

धूसर_फ्रेम:
रोटोवालींच्या मुद्द्यातूनच 'हे सगळे चित्रपट राखाडी का दिसतात' याचं निम्मं उत्तर निघतं. मागची पार्श्वभूमी काय असणार हे चित्रीकरणाच्या दिवशी ठरलेलं नसेल तर छायाचित्रकार काय करणार? प्रकाश मऊ आणि चहूबाजूंनी सारखा ठेवणार, ढगाळ दिवसासारखा. असा प्रकाश नंतर वाळवंटातही चालतो आणि अंतराळयानातही. कडक सूर्यप्रकाश एका बाजूने टाकला की सावलीची दिशा पक्की होते आणि नंतर मागे दुसरं काही लावलं की खोटं दिसतं. म्हणजे निर्णय पुढे ढकलण्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. उरलेलं अर्धं कलर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर रंग आणि उजेड जुळवताना. कॅमेऱ्यातून लॉग स्वरूपात (नंतर रंग देता यावा म्हणून सपाट ठेवलेलं) आलेलं चित्र मुळात फिकट असतं. दहा स्टुडिओंकडून आलेले शॉट एकमेकांशी जुळवायचे तर काळा रंग पूर्ण काळा न करता थोडा उचलून ठेवणं सोपं जातं.

दिग्दर्शिका क्लोई झाओ यांनी मार्व्हलच्या 'इटर्नल्स'साठी कॅनरी बेटांवर जाऊन खऱ्या क्षितिजावर, खऱ्या उन्हात काम केलं. ते शॉट ताबडतोब ओळखू येतात. त्याच चित्रपटात ग्राफिक्सने भरलेले भाग आले की सूर बदलतो. एकाच चित्रपटात दोन पद्धती शेजारी बघायच्या असतील तर यापरतं उदाहरण नाही.

पॉपकॉर्न_मध्यम:
म्हणजे ढगाळ वातावरणाचा त्रास नाशिकच्या द्राक्षवाल्यांइतकाच हॉलिवूडलाही आहे तर.

तिसरी_रांग:
खिक्!

संगीताचंही तसंच आहे. संकलन चालू असताना रिकामी जागा नको म्हणून जुन्या चित्रपटांचं संगीत तात्पुरतं लावतात. दिग्दर्शक, निर्माते, चाचणीचे प्रेक्षक सगळे महिनोन् महिने तेच ऐकतात. मग संगीतकार येतो आणि त्याला सांगतात, अगदी असंच पण वेगळं. याउलट 'ब्लॅक पँथर'. संगीतकार लुडविग योरान्सन सेनेगलला गेले, तिथले गायक बाबा माल यांच्याबरोबर हिंडले, तिथल्या तामा या बोलणाऱ्या ढोलावर नायकाची धून बांधली. संगीताचं ऑस्कर मिळालं. म्हणजे यंत्रणेच्या आत राहूनही दार उघडतं, फक्त दिग्दर्शकाने आपली माणसं बरोबर आणली पाहिजेत. रायन कूगलर यांनी आणली.

सिडकोकर:
बघा, तुम्हीच माझ्या बाजूला आलात. कूगलर, ताइका वाइटीटी, 'द डार्क नाइट'चे नोलन. २००८ मध्ये नोलननी मुख्य धारेच्या मोठ्या चित्रपटात आयमॅक्स कॅमेरे वापरले तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही. त्या कॅमेऱ्यात ६५ मिमी फिल्म आडवी पळते, एका फ्रेमला १५ छिद्रं, हजार फुटांचं रीळ तीन मिनिटांत संपतं आणि आवाज इतका की समोर संवाद नीट टिपता येत नाहीत. एवढा उपद्व्याप सुपरहीरोपटाच्या पैशांवर झाला. शिकागोच्या रस्त्यावर खरा ट्रक उलटवला. 'जोकर'ला व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला. 'लोगन'ला पटकथेचं नामांकन मिळालं. आता यातलं सिनेमा कोणतं नाही ते सांगा.

तिसरी_रांग:
यातलं कोणतंच मार्व्हल स्टुडिओचं नाही, 'ब्लॅक पँथर' आणि वाइटीटींचा 'थॉर' सोडला तर. स्कॉर्सेसींचा रोख झग्या-मुखवट्यांवर नव्हता. तो एका कारखानदारीवर होता. आणि दिग्दर्शक एडगर राइट? 'अँट-मॅन'वर त्यांनी काही वर्षं घालवली आणि मे २०१४ मध्ये बाहेर पडले. नंतर त्यांनी सांगितलं त्याचा सारांश असा की त्यांना मार्व्हलचा चित्रपट करायचा होता, पण समोरच्यांना एडगर राइटचा चित्रपट नको होता.

तुमच्या कूगलरांचंच पुढे काय झालं ते बघा. 'सिनर्स'साठी (२०२५) त्यांनी वॉर्नर स्टुडिओकडून अंतिम संकलनाचा हक्क घेतला, कमाईच्या पहिल्या डॉलरपासून वाटा घेतला आणि २५ वर्षांनी मालकी परत मिळण्याची अट घातली. ज्याला आत काय मिळतं हे ठाऊक आहे, त्याने बाहेर आल्यावर नेमकं काय मागितलं?

सिडकोकर:
त्याने ते मागायची पत कुठून आली? आतूनच ना!

मखमलाबाद_नाका:
षटकार.

फाळके_स्मारक_थांबा:
अहो, नाशिकमध्ये बसून हा वाद चाललाय आणि अजून दादासाहेबांचं नाव नाही? 'लंकादहन' १९१७ चा. उडणारा हनुमान, जळणारी लंका. 'कालिया मर्दन' १९१९ चा, पाण्याखालची झुंज. ट्रिकसीन हेच तिकीट खपण्याचं कारण होतं. भारतीय सिनेमाचा पायाच मुळी अलौकिक शक्तीच्या नायकावर उभा आहे, तोही आपल्या नाशकात. स्कॉर्सेसींची व्याख्या लावली तर फाळकेही थीम पार्कवालेच ठरतील.

तिसरी_रांग:
मुद्दा भारी, पण 'कालिया मर्दन' नीट बघा. जी प्रिंट उरली आहे तिच्या सुरुवातीला मंदाकिनी, म्हणजे फाळक्यांची मुलगी, आधी साध्या रूपात निरनिराळे भाव करून दाखवते आणि मग पडद्यावरच तिचा कृष्ण होतो. म्हणजे ही मुलगी आहे, ही आता सोंग घेणार आहे, हे फाळके आधी उघड सांगतात आणि तरीही आपण गुंततो. हा एका माणसाचा निर्णय आहे. दुसरी कुठली कंपनी असती तर 'प्रेक्षकांचा भ्रम तुटेल' म्हणून तो भाग पहिल्याच बैठकीत उडवला गेला असता.

कादवा_काठ:
आणि फाळक्यांचं भांडवलदारांशी काय झालं ते का विसरता? १९१८ मध्ये भागीदारांना घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, इथेच, नाशिकला. पैसा आला, त्याबरोबर हिशेब विचारणारे आले. खर्च आणि कारभारावरून बिनसलं, फाळक्यांनी राजीनामा दिला आणि काशीला निघून गेले. तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. काही काळाने परत याच कंपनीत आले, पण तो पहिला जोर राहिला नाही. एडगर राइटची गोष्ट आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेली आहे.

माझं मत फाळके_स्मारक_थांबा आणि तिसरी_रांग या दोघांच्या मध्ये. चमत्कार दाखवणं वेगळं आणि चमत्काराला प्रसंगात जागा असणं वेगळं. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) घ्या. दामले-फत्तेलाल दोघेही मूळचे तंत्राचे. शेवटी विमान येतं ते ट्रिकसीनच. पण समोर आवलीचा संसार उभा असतो, चुलीपाशी बसलेली आवली असते, म्हणून ते विमान टोचतं. या चित्रपटाची व्हेनिसने १९३७ मध्ये दखल घेतली. सुपरहीरोपटात आकाशातून यान कोसळतं तेव्हा खाली कुणाची चूल आहे, हे बहुतेक वेळा ठाऊकच नसतं.

फाळके_स्मारक_थांबा:
कादवा_काठ, हे पटलं. राजीनाम्याचा मुद्दा तर स्मारकाच्या फाटकावर लावायला हवा.

बाल्कनी_स्टॉल:
आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. खेळ कसे लागतात ते हिशेबाने सांगतो.

समजा पहिला खेळ सकाळी ९ ला आणि शेवटचा जास्तीत जास्त रात्री ११ ला सुरू करायचा. मार्व्हलचा 'एंडगेम' १८१ मिनिटांचा. त्यात १५ मिनिटं इंटरव्हल, १५ मिनिटं जाहिराती-ट्रेलर, १५ मिनिटं झाडलोट आणि लोकांची ये-जा. एक फेरी २२६ मिनिटांची. ९ वाजता सुरू केलं तर चौथा खेळ रात्री ८:१८ ला लागतो आणि पाचवा मध्यरात्र उलटल्यावर. म्हणजे एका पडद्यावर चार. दोन तासांच्या मराठी चित्रपटाची फेरी १६५ मिनिटांची, त्याच पडद्यावर सहा खेळ बसतात. आता पहिल्या शुक्रवारी मोठ्या चित्रपटाला बारा खेळ द्यायचे तर तीन पडदे पूर्ण गेले. चार-पाच पडद्यांच्या मल्टिप्लेक्सात उरतं काय? एखादा पडदा, त्यावर त्या आठवड्याचा हिंदी आणि आधीच्या आठवड्याचा चालू चित्रपट. लहान चित्रपटाला सकाळी साडेदहा किंवा दुपारी पावणेचार. कामावर जाणारा माणूस दोन्ही वेळी येत नाही. शुक्रवार-शनिवारी खुर्च्या रिकाम्या दिसतात आणि सोमवारपासून तोही खेळ जातो. बहुतेक साखळ्यांत हे गावातला मॅनेजर ठरवत नाही, वरचं प्रोग्रामिंग खातं आकडे बघून ठरवतं.

पैशाची बाजू अजून मजेशीर आहे. २००९ च्या निर्माते-मल्टिप्लेक्स संपानंतर हिंदी चित्रपटांसाठी जो करार झाला त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. कर वगळून तिकीट २०० रुपये धरा. पहिल्या आठवड्यात थिएटरला १०० उरतात, चौथ्या आठवड्यात १४०. म्हणजे हळूहळू चालणारा चित्रपट थिएटरला दर तिकिटामागे जास्त देतो. तरी थिएटर पहिल्याच दिवशी हाऊसफुल्ल होणाऱ्यामागे धावतं, कारण पॉपकॉर्न-कोल्ड्रिंकमध्ये वितरकाला वाटा नाही आणि भरलेलं सभागृह पहिल्या तीन दिवसांतच मिळतं. चार आठवडे वाट बघण्याची उसंत भाड्याच्या जागेला नसते.

मखमलाबाद_नाका:
मल्टिप्लेक्सांनी प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट लावायचा असा नियम आहे ना? २०१५ ला प्राइम टाइमचं केवढं रण माजलं होतं.

बाल्कनी_स्टॉल:
आहे. पण आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हटलं, मग विरोध झाल्यावर प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. पावणेचारचा खेळ नियमात चोख बसतो. तक्रार करायची तर कशाच्या आधारावर?

सिडकोकर:
मग दोष नियमाचा, वेळापत्रकाचा. अमेरिकेतल्या दिग्दर्शकाने सुपरहीरोंना बोल लावून पावणेचारचा खेळ सातला येणार आहे का? शिवाय सिडको-सातपूरच्या पोरांना हे चित्रपट हिंदीत मिळतात म्हणून ते थिएटरात तरी येतात. 'स्पायडरमॅन ३' (२००७) तर भोजपुरीतसुद्धा लावला होता. मराठीत डब करायला कुणी हात धरला होता?

धूसर_फ्रेम:
अवांतर: थिएटरात जाणाऱ्यांनी शक्य तिथे टूडीच निवडावं. टूडीसाठी पडद्यावर ४८ निट (उजळपणाचं एकक) उजेड अपेक्षित असतो. थ्रीडीत चष्मा आणि फिल्टर मिळून डोळ्यापर्यंत त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पोचला तरी नशीब. ज्या पडद्यावर चंदेरी लेप आहे तिथे टूडी बघतानासुद्धा मध्यभाग उजळ आणि कडा काळवंडलेल्या दिसतात, अशा ठिकाणी मधल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसा. आणि चित्र मंद वाटलं तर दिग्दर्शकाला शिव्या देण्याआधी बघून घ्या की प्रोजेक्टरसमोर थ्रीडीचा फिल्टर तसाच राहिलाय का. तो काढायला विसरण्याचा प्रकार सर्रास घडतो.

पॉपकॉर्न_मध्यम:
आणि इंटरव्हल! परदेशी दिग्दर्शकाने ठेवलेलाच नसतो, तरी आपल्याकडे नायक दरीत लटकलेला असताना दिवे लागतात.

बाल्कनी_स्टॉल:
त्यात जादू काही नाही. डिजिटल प्रिंट चालवणाऱ्या सर्व्हरच्या प्लेलिस्टमध्ये एक वेळ टाकतात, तिथे चित्र थांबतं आणि दिवे लागतात. विदेशी चित्रपटात ती वेळ इथेच कुणीतरी निवडतं. चुकीचा मिनिट निवडला तर वाक्य अर्धं कापलं जातं.

तिसरी_रांग:
'ते पडद्यावर दिसतं का' याचं उत्तर राहिलं. घरी करून बघता येईल असं सांगतो. कोणताही एक मारामारीचा प्रसंग निवडा, पाच मिनिटांचा. पहिल्यांदा आवाज बंद. प्रत्येक कटला कागदावर एक रेघ ओढा आणि कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोण किती लांब हे कळतंय का बघा. कळत नसेल तर प्रसंग मुळात जागेचा विचार न करता भरपूर कोनांतून टिपून नंतर जोडलाय. दुसऱ्यांदा फक्त प्रतिक्रिया मोजा: मार खाल्ल्यावर चेहरा किती वेळ दिसतो? घाईने बदललेल्या प्रसंगांत चेहरे मुखवट्याआड जातात, कारण मुखवट्याला कोणतेही संवाद नंतर चिकटवता येतात. तिसऱ्यांदा एवढंच विचारा: या पाच मिनिटांनंतर कुणाचा निर्णय बदलला? नसेल तर प्रसंग कापला तरी गोष्ट तशीच पुढे जाते.

हेच दिग्दर्शक सॅम राइमींच्या 'स्पायडरमॅन २' मधल्या रेल्वेच्या प्रसंगाला लावा. शेवटी मुखवटा निघतो, प्रवाशांना तो कोवळा पोरगा दिसतो आणि ते त्याला डोक्यावरून आत नेतात. तोही २००४ चा सुपरहीरोपटच.

सिडकोकर:
तिसरी_रांग, ही तपासणी मान्य. पण प्रामाणिकपणे 'प्रतिष्ठित' चित्रपटांनाही लावा. त्यातले पुष्कळ तिसऱ्या प्रश्नावर नापास होतील.

तिसरी_रांग:
लावू की. तिथे तरी नापास कोण झालं त्याचं नाव लिहिलेलं असतं.

रोटोवाली:
एक भर. परिस्थिती थोडी हलली आहे. 'द मार्व्हल्स' (२०२३) आपटल्यावर डिस्नेच्या बॉब आयगर यांनी मे २०२४ मध्ये सांगितलं की वर्षाला मार्व्हलचे दोन, फार तर तीन चित्रपट आणि दोन मालिका. मार्व्हलची स्पर्धक डीसी, तिची सूत्रं घेतल्यावर जेम्स गन यांनी पटकथा पूर्ण झाल्याशिवाय चित्रीकरण नाही असं जाहीर केलं. आमच्या खात्याला दुसरी बातमी जास्त मोलाची. पटकथा पक्की असेल तर शॉटची यादी पक्की आणि रात्रपाळ्या कमी. बाकी 'आयर्न मॅन' (२००८) अर्धवट पटकथेवरच काढला होता आणि तो सगळ्यात जिवंत आहे असं लोक म्हणतात, हेही खरं. तेव्हा नट समोरासमोर बसून संवाद रचत होते, आता त्या जागी निळा पडदा असतो.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूपच मिळालं. माझ्यापुरतं असं दिसतंय की पहिल्या आक्षेपावर सिडकोकरांचं बरंच बरोबर आहे, झगा घालूनही चांगला चित्रपट होतो. पण बाल्कनी_स्टॉल यांचा चार आणि सहा खेळांचा हिशेब बघितल्यावर दुसरा आक्षेप नाशिकला तंतोतंत लागू पडतो आणि त्यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. 'वेळापत्रकाचा दोष' हे उत्तर नव्हे, वेळापत्रक त्याच चित्रपटाभोवती बनतं.

यावर काही करता येईल का? महिन्यातून एखादा रविवार सकाळी एक पडदा भाड्याने घेऊन मराठी किंवा जुना चित्रपट लावायचा झाला तर काय काय लागतं?

सिडकोकर:
पहिला 'संत तुकाराम' लावा, दुसरा 'द डार्क नाइट'. मी दोन्हीला येतो आणि मिसळ माझ्याकडून.

पॉपकॉर्न_मध्यम:
मिसळ कुठली यावर वेगळा धागा काढा, नाहीतर हा बंद पडेल.

बाल्कनी_स्टॉल:
गोदाकाठ, क्रमाने करा. आधी ज्याच्याकडे प्रदर्शनाचे हक्क आहेत त्याचं लेखी परवानगीपत्र. डीव्हीडी किंवा ओटीटीवरून सार्वजनिक खेळ चालत नाही. सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत. मग प्रिंट डीसीपी स्वरूपात (थिएटरच्या सर्व्हरवर चालणारी डिजिटल प्रत) आहे का ते विचारा. असेल तर थिएटरकडून त्यांच्या सर्व्हरचा तपशील घेऊन लॅबला पाठवा. लॅब त्या एकाच सर्व्हरसाठी केडीएम, म्हणजे कुलूप उघडणारी किल्ली, बनवते आणि तिला सुरू-संपण्याची तारीख-वेळ असते. पडदा क्रमांक दोनची किल्ली तीनवर चालत नाही, म्हणून ऐनवेळी पडदा बदलू नका.

ड्राइव्ह आदल्या दिवशी द्या, सर्व्हरवर उतरवायला वेळ लागतो. किल्लीची मुदत खेळाच्या आदल्या संध्याकाळपासून मागा, नाहीतर तपासणी करताच येत नाही. वेळ भारतीय प्रमाणवेळेत आहे ना हे मेलमध्ये स्पष्ट लिहून घ्या. रविवारी सकाळी लॅबमध्ये फोन उचलायला कुणी नसतं.

धूसर_फ्रेम:
जुना चित्रपट असेल तर चौकटीचं प्रमाण आधी कळवा. १९३६ चा चित्रपट जवळजवळ चौकोनी आहे. ऑपरेटरने सवयीने पडदा भरायला झूम केला तर डोकी आणि सबटायटल दोन्ही कापली जातात. तपासणीच्या वेळी सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी पाच-पाच मिनिटं बघा, आणि आवाज रिकाम्या सभागृहात लावाल त्यापेक्षा किंचित वर ठेवा. माणसं भरली की तो दबतो.

बाल्कनी_स्टॉल:
आणि इंटरव्हल कुठे टाकायचा ते दिग्दर्शक हयात असेल तर त्यालाच विचारा. प्लेलिस्टमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.